कोल्हापुरात देहविक्रय करणाऱ्या महिलांबरोबर हिपॅटायटिस बी आणि सीचे काम : नव्याने येणाऱ्यांसाठी

हिपॅटायटिस बी आणि सी हे यकृताला सूज आणणारे विषाणू आहेत, आणि लोक त्यांनाही कावीळच म्हणतात. या कामात नव्याने आलेल्या कार्यकर्तीला पहिल्याच आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : “डोळं बघा की माझं, कुठं पिवळं हाईत? मग कसली कावीळ?” या प्रश्नाला पटेल असे उत्तर देता आले नाही, तर पुढची तपासणी, लस, औषध यांपैकी काहीच घडत नाही. हा लेख कोल्हापूर शहरात आणि जिल्ह्यात देहविक्रय करणाऱ्या महिलांबरोबर काम सुरू करणाऱ्या समुपदेशकांसाठी, क्षेत्र कार्यकर्त्यांसाठी, परिचारिकांसाठी आणि स्वतः या व्यवसायात असून पीअर (आपल्या सोबतिणींमध्ये काम करणारी कार्यकर्ती) म्हणून नेमल्या गेलेल्या महिलांसाठी आहे. बोटाला सुई टोचून रक्ताची तपासणी एका सकाळी उरकते, परंतु लसीचे तीन डोस आणि रिपोर्टनंतरच्या फेऱ्या धरल्या तर एका महिलेमागे हे काम सहा महिन्यांचे असते, आणि नवे लोक नेमके तिथेच कमी पडतात, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे पुढच्या मजकुरात तपासणीपेक्षा तपासणीनंतरच्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

आधी स्वतःचा दंड पुढे करा

कामावर रुजू होताच पहिल्या आठवड्यात स्वतःची हिपॅटायटिस बीची तपासणी करून घ्या आणि ती निगेटिव्ह असेल तर त्याच दिवशी लसीचा पहिला डोस घ्या. प्रौढांसाठीचे नेहमीचे वेळापत्रक आज, एक महिन्याने आणि पहिल्या डोसापासून सहा महिन्यांनी असे आहे. इंजेक्शन दंडात घ्यावे, कमरेत नव्हे, कारण कमरेत दिलेल्या लसीचा परिणाम कमी होतो. तिसऱ्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस ही तपासणी केल्यास संरक्षण तयार झाले की नाही ते कळते. ते प्रमाण १० mIU/mL किंवा त्याहून अधिक यायला हवे. हिपॅटायटिस सीवर मात्र आजही लस नाही.

स्वतःच्या लसीकरणाचे कार्ड पिशवीत ठेवा. “मॅडम, तुम्ही घेतलीय का?” हा प्रश्न येतोच, आणि त्या वेळी काढून दाखवलेले कार्ड अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा अधिक काम करते.

शिबिरात सुई टोचली गेली, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट दाबून रक्त काढत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लस झालेली नसेल तर लस आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडींचे, लगेच संरक्षण देणारे इंजेक्शन) शक्यतो २४ तासांच्या आत घ्यावे लागते. सांडलेले रक्त कोरड्या फडक्याने नुसते पुसून मोकळे होऊ नका, कारण हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकतो. हातमोजे घालून ती जागा एक टक्का हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) द्रावणाने स्वच्छ करावी.

पिवळ्या डोळ्यांचा प्रश्न

आपल्या जिल्ह्यात कावीळ म्हटले की लोकांना पाणी आठवते, आणि त्यात त्यांचे चुकत नाही. इचलकरंजीत २०१२ साली पिण्याच्या पाण्यातून आलेल्या काविळीची जी मोठी साथ झाली, ती पाहिलेली माणसे आजही पावसाळ्याच्या तोंडाशी पाणी उकळून पितात. ती कावीळ हिपॅटायटिस ईची होती. हिपॅटायटिस ए आणि ई हे दोन विषाणू दूषित पाणी, उघड्यावरचे अन्न आणि खराब बर्फ यांतून पोटात जातात, काही आठवडे माणसाला झोपवतात आणि बहुतेक जण आपोआप बरे होतात. गरोदर बाईला मात्र ई जिवावर बेतू शकतो.

बी आणि सी यांची वाट वेगळी आहे. हे रक्तातून पसरतात. बी वीर्यातून आणि योनीतील स्रावांतूनही पसरतो. यकृतात शिरलेला विषाणू वर्षानुवर्षे गप्प बसू शकतो. डोळे पिवळे होत नाहीत, भूक शाबूत असते, बाई कामाला जाते, आणि दरम्यान यकृत हळूहळू कडक होत जाते. पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी किंवा यकृताचा कर्करोग यांपैकी काही समोर येते तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. म्हणून वरच्या प्रश्नाला मी असे उत्तर देते : “अक्का, कावीळ म्हणजे धूर. ह्यो विस्तव राखंखाली असतोय, धूर दिसत न्हाई.” सीमाभागातून आलेल्या, घरी कन्नड बोलणाऱ्या बायकांनाही चुलीची ही उपमा लगेच कळते.

हा प्रश्न किती मोठा आहे याची कल्पना यावी म्हणून एकच अंदाज देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बीचा आणि ५५ लाख लोकांना सीचा दीर्घकालीन संसर्ग होता, आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येला त्याची माहिती नव्हती. देशाच्या नियमित लसीकरणात बीची लस २००२-०३ मध्ये मोजक्या शहरांत आणि जिल्ह्यांत आली व २०११ मध्ये सर्वत्र पोहोचली, म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेल्या ज्या महिला आपल्याला भेटतात, त्यांना ती लहानपणी मिळालेली नसते असेच धरून चालावे.

कुठून येतो, हे तिच्या दिवसात शोधा

संसर्गाची कारणे पाठ म्हणून सांगू नका. तिच्या दिवसाविषयी बोला, म्हणजे कारणे आपोआप समोर येतात. हिपॅटायटिस बी एचआयव्हीपेक्षा ५० ते १०० पट अधिक सहज पसरतो. गिऱ्हाइकाबरोबर कंडोम वापरण्याची सवय बऱ्याच जणींनी एचआयव्हीच्या काळापासून अंगी बाणवली आहे. ज्याला ती आपला ‘मालक’, म्हणजे कायमचा जोडीदार मानते, त्याच्याबरोबर मात्र कंडोम नसतो, कारण तिथे कंडोम काढणे म्हणजेच विश्वास दाखवणे. या नात्यावर नव्या कार्यकर्तीने पहिल्या भेटीत टीका करू नये. मालकालाही तपासणीला आणि लसीला आणता येईल का, एवढेच विचारावे. बीच्या बाबतीत हा प्रश्न व्यवहार्य आहे, कारण दोघांनाही लस मिळाली की निदान एक काळजी मिटते. कंडोमबरोबर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन वापरले जात असेल, तर ते रबर फाडते, हेही त्याच बोलण्यात सांगून टाका.

हिपॅटायटिस सी पुरुष-स्त्री संबंधांतून क्वचित पसरतो. त्याचा मुख्य मार्ग रक्त आहे. एचआयव्हीचा संसर्ग असेल किंवा गुप्तरोगाची जखम असेल तर धोका वाढतो. सीचा शोध घेताना म्हणून संबंधांपेक्षा सुईबद्दल अधिक विचारावे. अंगदुखीवर ‘ताकदीचे’ इंजेक्शन किंवा सलाइन कोणाकडून घेतले, सुई नवीन पाकिटातून समोर फोडली होती का, गर्भपात कुठे झाला, कधी रक्त चढवले होते का, कोणी टोचून नशा करते का, हे विचारा. गोंदणाकडेही लक्ष ठेवा. जत्रेत मशीन घेऊन बसलेला गोंदणारा एकामागून एक मनगटांवर नावे काढत जातो, सुई फडक्याला पुसतो, शाईची वाटी तीच असते. मालकाचे नाव गोंदवून घेतलेल्या हातांची मी गंमत म्हणून मोजणी सुरू केली होती. एका दुपारी एकाच घरात सात हात निघाले, तेव्हा ती थांबवली. एकाच ब्लेडने दोघीतिघींनी केस काढणे आणि एकमेकींचा टूथब्रश वापरणे याही गोष्टी विचारण्यासारख्या आहेत.

एका ताटात जेवणे, एकाच बाथरूममध्ये आंघोळ, मिठी, खोकला, डास यांतून बी किंवा सी पसरत नाही. हे तुम्ही ठणकावून सांगितले नाही, तर पॉझिटिव्ह आलेल्या बाईचे ताट-तांब्या दुसऱ्या दिवशी वेगळे केले जातात.

भेटीची वेळ आणि भाषा

कोल्हापुरात या महिला एका ठिकाणी एकवटलेल्या नाहीत. काही घरवालीकडे (धंद्याचे घर चालवणाऱ्या बाईकडे) राहतात, काही लॉजवर येतात, काही फोनवरून ठरवतात, आणि बऱ्याच जणी सकाळच्या एसटीने खेड्यातून येऊन संध्याकाळी मुले शाळेतून परतायच्या आत घरी पोहोचतात. शेवटच्या गटातल्या बाईच्या घरी तिच्या कामाची काहीच कल्पना नसते. घरवालीकडे सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान जावे. अंघोळ-जेवण झालेले असते आणि धंद्याची वेळ सुरू झालेली नसते. घरवालीशी आधी बोलून घ्या, पण बाईची संमती घरवालीकडून घेऊ नका. एसटीने येणाऱ्या बाईला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसवून ठेवू नका, तिची गाडी चुकली तर ती पुन्हा येत नाही.

कार्यालयातल्या नोंदवहीत आपण ‘एफएसडब्ल्यू’ (फीमेल सेक्स वर्कर), ‘हाय रिस्क’ असे लिहितो. ते शब्द कार्यालयातच राहू द्यात. समोर वयाप्रमाणे ताई, अक्का, मावशी म्हणावे. संस्थेचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेली पिशवी घेऊन गल्लीत फिरू नये. शेजारच्या सांगलीत संग्राम ही संस्था आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही या महिलांची संघटना यांनी गेल्या तीन दशकांत हे दाखवून दिले आहे की या बायका संघटित झाल्या तर आपल्या आरोग्याचे निर्णय त्या आपणच घेतात. त्यामुळे पीअर म्हणून काम करणाऱ्या बाईचे म्हणणे अधिकाऱ्याच्या म्हणण्याआधी ऐकावे.

तपासणीच्या दिवशी

राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्याखाली बी आणि सीची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. कोल्हापुरात चौकशीची सुरुवात सीपीआरपासून, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयापासून करणे सोयीचे पडते. मात्र बाईला तिकडे पाठवण्याआधी तुम्ही स्वतः एकदा जाऊन या. केसपेपर कुठे काढायचा, रक्त कोणत्या खोलीत घेतात, रिपोर्ट किती वाजता मिळतो, हे पायाखालून घातलेले असले पाहिजे. शक्य असेल तेव्हा एचआयव्ही आणि सिफिलिसच्या सहामाही तपासणीबरोबरच बी आणि सीची तपासणी उरकावी, म्हणजे एकाच टोचणीत काम होते.

रक्त घेण्याआधी बाईला चार गोष्टी कळलेल्या असाव्यात. तपासणी कशाची आहे, ती नाकारली तरी कंडोम आणि इतर सेवा बंद होणार नाहीत, रिपोर्ट फक्त तिलाच सांगितला जाईल, आणि पॉझिटिव्ह आल्यास पुढे काय करता येते. चौथी गोष्ट नवे लोक घाईत विसरतात आणि तिथेच भीती वाढते. कालच कंडोम फाटला म्हणून आज आलेल्या बाईला हेही सांगावे लागते की आजचा रिपोर्ट कालचे काही सांगणार नाही. बीचा एचबीएसएजी (विषाणू अंगात असल्याची रक्तातली खूण) साधारण चार आठवड्यांनी दिसू लागतो, तर सीच्या अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) दिसायला साधारण आठ ते अकरा आठवडे लागतात. बीची लस झालेली नसल्यास मात्र तिने थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

ओळखपत्र नाही म्हणून कोणी परत पाठवले, तर गप्प बसू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात देहविक्रय करणाऱ्या व्यक्तींना सन्मानाने वागवण्याचे निर्देश दिले, आणि राहण्याचा पुरावा नसला तरी राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या किंवा नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड मिळण्याची सोय त्यातून झाली. त्या कार्डावर व्यवसायाची कोणतीही खूण नसते.

रिपोर्ट वाचणे

इथे मी स्वतः केलेली चूक सांगते. कामाच्या पहिल्या वर्षी एका बाईचा अँटी-एचसीव्ही (सीच्या अँटिबॉडीची तपासणी) पॉझिटिव्ह आला. मी तिला सांगितले की तुला हिपॅटायटिस सी आहे. ती दुसऱ्या दिवशी खोली सोडून गेली. आठ महिन्यांनी ती परतली तेव्हा विषाणूची तपासणी झाली, आणि रक्तात विषाणू नव्हताच. अँटी-एचसीव्हीचा अर्थ इतकाच की शरीराची त्या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. शंभरातल्या १५ ते ४५ जणांमध्ये तो औषधाविना पहिल्या सहा महिन्यांत निघून जातो आणि अँटिबॉडी मात्र आयुष्यभर राहते. त्यामुळे अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आल्यावर तोंडून निघायचे वाक्य एकच : “अजून एक तपासणी केल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.” ती तपासणी म्हणजे एचसीव्ही आरएनए, रक्तात खुद्द विषाणू आहे का ते पाहणारी. दोन रिपोर्टांच्या मधले दिवस सर्वांत नाजूक असतात. त्या दिवसांत तिला किमान दोनदा भेटा.

बीचा एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला तर विषाणू आत्ता शरीरात आहे. परंतु तो नवा आहे की जुना, हे एका रिपोर्टवरून ठरत नाही. प्रौढपणी संसर्ग झालेल्या शंभरांपैकी जवळजवळ पंच्याण्णव जण सहा महिन्यांत त्यातून मोकळे होतात. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी पॉझिटिव्ह राहिला तर संसर्ग दीर्घकालीन झाला असे मानतात. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस १० च्या वर असेल तर तिला संरक्षण आहे, लसीमुळे किंवा पूर्वीच्या संसर्गामुळे. दोन्ही निगेटिव्ह असतील तर तिला लसीची गरज आहे आणि पहिला डोस त्याच दिवशी देता येतो.

रिपोर्ट कुठे सांगावा, याबद्दल एक प्रसंग. एका ठिकाणी तंत्रज्ञाने खिडकीतून कागद पुढे करत नाव घेऊन ‘बी पॉझिटिव्ह’ असे ओरडून सांगितले. रांगेतल्या बायकांपैकी निम्म्यांना तो रक्तगट वाटला, उरलेल्या निम्म्यांना जे वाटायचे ते वाटलेच. तेव्हापासून मी बाईबरोबर खिडकीपर्यंत जाते आणि कागद माझ्या हातात घेते. ‘बी पॉझिटिव्ह’ हा रक्तगट आणि ‘हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह’ हा रिपोर्ट यांत गोंधळ होतो, म्हणून तुम्ही बोलताना नेहमी ‘एचबीएसएजी’ असाच शब्द वापरा.

उपचार : सी आणि बी यांची गोष्ट एक नाही

आरएनए पॉझिटिव्ह आलेल्या सीचा उपचार गोळ्यांनी होतो आणि तो संपतो. यकृत कडक झालेले नसेल तर सोफोस्बुविर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासविर ६० मिलिग्रॅम रोज, १२ आठवडे. सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक झालेले असल्यास सोफोस्बुविरबरोबर वेलपाटासविर देतात आणि कालावधी डॉक्टर ठरवतात. नीट गोळ्या घेतलेल्या शंभरांपैकी ९५ हून अधिक जण पूर्ण बरे होतात. गोळ्या संपल्यानंतर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए करायचा असतो, आणि तोच खरा निकाल. बरे झाल्यावरही अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्हच येणार, ही गोष्ट कार्डावर लिहून द्या, नाहीतर दोन वर्षांनी दुसऱ्या एखाद्या शिबिरात तिला कोणीतरी पुन्हा घाबरवील. पुन्हा संसर्ग मात्र होऊ शकतो. टीबीची औषधे चालू असतील किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायला लावा, कारण त्यांचा या औषधांशी मेळ बसत नाही. सीचा उपचार सुरू करण्याआधी बीची तपासणी झालेलीच असावी. अंगात बी असेल तर सी जाताना बी उसळू शकतो.

बीचे तसे नाही. प्रत्येक पॉझिटिव्ह बाईला गोळी लागत नाही. एएलटी (यकृताच्या सूजेची रक्ततपासणी), प्लेटलेट, विषाणूचे प्रमाण, सोनोग्राफी किंवा फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झाले ते मोजणारी तपासणी) पाहून डॉक्टर ठरवतात. लागली तर टेनोफोविर किंवा एन्टेकाविर रोज, बहुधा दीर्घकाळ. गोळी नको म्हटलेल्या बाईने घरी जाऊन सगळे विसरायचे नसते, दर सहा महिन्यांनी तपासणीला यायचेच असते. हे पटवणे मला सगळ्यांत अवघड जाते, कारण ‘औषध नाही’ याचा अर्थ तिच्या लेखी ‘रोग नाही’ असाच होतो. चालू गोळी मनाने बंद केली तर यकृताची सूज एकाएकी भडकू शकते. एचआयव्हीसाठी एआरटी (विषाणू दाबून ठेवणारी रोजची औषधे) घेणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर दुप्पट काळजी घ्या : त्यांच्या रोजच्या टीएलडी या तीन औषधांच्या एकत्र गोळीतले टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन बीलाही दाबून ठेवत असतात, त्यामुळे एआरटी सुटली की दोन्ही आजार एकदम डोके वर काढतात.

आता गावठी औषधांविषयी, कारण ते टाळून चालणार नाही. काविळीची माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ‘पिवळे पाणी उतरवतात’, नाकात रस पिळतात, कुठे कुठे डाग देतात. झाडाच्या सालीचा किंवा पाल्याचा रस हाताला चोळून चुन्याच्या पाण्यात धुतला तर ते पाणी निरोगी माणसाच्या हातानेही पिवळे होते. तुमचा हात पुढे करून हे दाखवता आले तर वादच मिटतो. माळ घालायला मी कधी आडकाठी करत नाही, कारण माळेने यकृताचे काही बिघडत नाही. पोटात घ्यायचा पाला, भस्म आणि अनोळखी चूर्ण यांना मात्र स्पष्ट नाही म्हणते. त्यांतल्या काहींनी यकृत अधिक बिघडते. दारू पूर्ण बंद करायला सांगावे लागते, आणि ते सांगताना हेही लक्षात घ्यावे की गिऱ्हाइकाबरोबर पिणे हा पुष्कळदा तिच्या कामाचा भाग असतो. ग्लासात कोल्ड्रिंक ओतून वेळ मारून नेण्याच्या युक्त्या जुन्या बायकांना ठाऊक असतात. त्या नव्यांना त्यांच्याकडूनच शिकू द्या. बाकी पथ्याबद्दल फार सांगू नये. हळद सोडण्याची गरज नसते, नुसत्या उसाच्या रसावर राहण्याचीही नसते, आणि तांबडा-पांढरा चालेल का असे विचारले तर यकृत फार बिघडलेले नसल्यास बेताने चालतो.

पोटातले बाळ

गरोदर बाईची एचबीएसएजी तपासणी लवकर व्हावी. प्रौढाला झालेला बी बहुधा निघून जातो, पण जन्मताना संसर्ग झालेल्या शंभरांपैकी सुमारे नव्वद बाळांत तो कायमचा राहतो. आईच्या रक्तात विषाणू दर मिलिलिटरला २ लाख एककांहून अधिक असेल तर २८ व्या आठवड्यापासून टेनोफोविर देतात. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस आणि पॉझिटिव्ह आईच्या बाळाला त्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिन द्यायचे असते. त्यामुळे बाळंतपण सरकारी दवाखान्यात होणार असल्याची खात्री आठव्या महिन्यातच करून घ्या आणि एचबीएसएजीचा रिपोर्ट तिच्या फाइलच्या पहिल्या पानाला लावा. अंगावर पाजायला हरकत नाही.

तिसरा डोस

एका बाईची नोंद वहीत दोन नावांनी असते, एक धंद्यातले आणि एक घरचे. पहिला डोस एका नावाने आणि दुसरा दुसऱ्या नावाने लिहिला गेला, की कागदावर दोन बायका अर्धवट राहतात आणि तिसरा डोस कोणालाच आठवत नाही. पहिल्याच दिवशी दोन्ही नावे एका ओळीत घ्या. कार्डावर फक्त ‘हिपॅटायटिस बी लस’ आणि तीन तारखा असाव्यात, संस्थेचे नाव नको. कार्डाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा. मोबाइल मालकाच्या हातात असतो, म्हणून फोनवर लस किंवा तपासणी असे शब्द न उच्चारता आधी ठरलेला शब्द वापरा. आमच्याकडे तो ‘भिशी’ आहे. तीन डोस म्हणजे भिशीचे तीन हप्ते, आणि या भिशीत हप्ता चुकला म्हणून आधीचे पैसे बुडत नाहीत. उशिरा आली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस तेवढा द्यायचा. अंतर कमी मात्र करू नये : दुसरा आणि तिसरा यांत किमान आठ आठवडे, पहिला आणि तिसरा यांत किमान सोळा. सहा महिने एका जागी राहणारच नाही अशी बाई असेल तर ०, ७ आणि २१ दिवसांचे जलद वेळापत्रक आणि बाराव्या महिन्याचा जादा डोस याबद्दल डॉक्टरांना विचारा. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि ती गोठली तर वाया जाते, म्हणून आइसबॉक्समधल्या बर्फाला कुपी थेट टेकू देऊ नका.

तारखा ठरवताना भिंतीवरची दिनदर्शिका पाहा. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापुरातून गाड्यांवर गाड्या जातात आणि आपल्या बायकांपैकी बऱ्याच जणी त्यांत असतात. चैत्रात जोतिबाची यात्रा, उन्हाळ्यात मुलांच्या सुट्टीत गावी जाणे, हे सगळे तिच्या मनात आधीपासून ठरलेले असते. जूनमध्ये पहिला डोस दिला तर तिसरा डिसेंबरात, म्हणजे नेमका यात्रेच्या आगेमागे येतो. त्यामुळे मी तिसऱ्याची तारीख यात्रेच्या आधी न ठरवता परतल्यावरच्या आठवड्यात ठरवते. भंडारा कपाळाला असतो, हातात प्रसाद असतो, आणि ती सहामाही एचआयव्ही तपासणीलाही त्याच दिवशी येते. निपाणी किंवा बेळगावला गेलेली बाई परतणार नसेल, तर कार्डाचा फोटो दाखवून तिथल्या दवाखान्यात डोस घ्यायला सांगावे आणि झाला की भिशी भरल्याचा मिस्ड कॉल द्यायला लावावा. तो आला की वहीतल्या दोन्ही नावांपुढे तारीख लिहावी.